थांबा, पाणी आलं

घाडीगावकर सरांचा चेहरा मी पाहिलेला नाही.
पडद्यावर फक्त त्यांचा बाण असतो,
पांढरा, जरासा थरथरणारा,
आणि आवाज, बारमाही सर्दी झाल्यासारखा.
धडे फुकट आहेत. एकूण एकसष्ट.
मी जूनपासून तेविसाव्यावर आहे.

दिवसा छेडांच्या मेडिकलमध्ये गोळ्या मोजते,
पट्टी कापताना तारीख कापली जाऊ नये एवढं बघते.
रात्री शटर पडलं की पार्कसाइटच्या एकशे बारा पायऱ्या,
भाकरी, आईच्या गुडघ्याला तेल,
मग मांडीवर तो जुना लॅपटॉप
ज्याची अर्धविरामाची कळ घेतानाच नव्हती.
खालचं रबर उरलंय.
ते मी पेनाच्या टोपणाने दाबते.
आणि सर म्हणतात, "ओळ संपली की अर्धविराम. विसरायचा नाही हां."
सर, मी कशी विसरेन.

हेडफोनची एकच बाजू चालते.
त्या एका कानाने त्यांचं घर ओळखीचं झालंय:
पंख्याला दर चौथ्या फेरीला उचकी लागते,
कुणीतरी झोपेत कूस बदलतं आणि लोखंडी पलंग बोलतो.
कोड अडला की सर त्याच्याशी मालवणीत बोलतात,
"काय झाला रे तुका?"
आजारी वासराला विचारावं तसं.
कॉलेजात मला असं कुणी विचारलं नव्हतं.
फी थकली तेव्हा विचारलं,
पण तो सूर वेगळा.

तेविसावा धडा लूपचा.
"समजा नळाला पाणी आहे," सर म्हणतात.
"जोवर पाणी, तोवर हंडा भरा.
भरला, पुढचा लावा.
बाहेर पडायची अट लिहिली नाही
तर जन्मभर नळापाशी उभे राहाल."
इथे मी धडा थांबवून
झोपलेल्या आईकडे पाहिलं.

आणि अठराव्या मिनिटाला
पाइपावर पान्ह्याचे तीन टोले,
एक शिट्टी,
आणि सर घाईघाईने, "थांबा, पाणी आलं."
बाण जिथल्या तिथे.
पडद्याच्या कोपऱ्यात चार वाजून चाळीस मिनिटं.
पुढे बराच वेळ नुसत्या बादल्यांचा आवाज.
तो तुकडा त्यांनी कापलेला नाही. राहून गेला असेल.

तीन टोले, एक शिट्टी.
हा तर आमचा चावीवाला, येसू.
चार चाळीसला आमच्याच लाइनीचं पाणी सोडतो.
वरच्या गल्लीला पाच वीस,
आणि तिथे टोले नाहीत, नुसती शिट्टी.

मी शोधायला गेले नाही.
तीस दारं आहेत लाइनीवर. ठोठावून विचारायचं काय?
पण गेल्या गुरुवारी, अंधारात,
निसटलेल्या पाइपाशी उकिडवा बसलेला एक पोरगा,
माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान,
हाफ पँट, एकाच पायात चप्पल,
चिंब भिजत पाइपाला विचारत होता,
"काय झाला रे तुका?"

सांगायचं होतं की सर,
औषधांच्या तारखा शोधणारा प्रोग्राम लिहिलाय मी,
छोटासाच,
पहिल्याच दिवशी सतरा पट्ट्या निघाल्या मुदत संपलेल्या,
छेडाशेठ दोनदा चष्मा पुसून बघत राहिले.
तोंडातून निघालं ते, "सरका जरा."
केसांचा रबर काढून पाइपाला वेढे दिले,
दातात धरून ओढला, घट्ट.
"थँक्यू ताई," तो म्हणाला.
सर्दी झाल्यासारखा.

फी भरली असं मी धरलं.
रबर अजून तिथेच आहे, पहाटे जाता-येता दिसतो.
चोविसावा धडा काही केल्या चालत नाहीये,
आणि मोकळ्या केसांनी पाणी भरून आले म्हणून
आई दोन दिवस बोलत होती.